वस्तादांच्या कारखान्यातली धरपकड

मी चड्ड्या शिवायला जाणार हे कळल्यावर सासूबाईंनी अबोला धरला. तो सुटला एकाच वाक्यानं. "गावभरच्या बाप्यांच्या चड्ड्या शिवनार, आन् त्याच हातानं देवाला फुलं वाहनार व्हय?" मी म्हटलं, "फुलं तर तुमीच वाहताय की." त्यावर अबोला पुन्हा सुरू झाला. मला तो चांगलाच मानवला. घरात शांतता झाली आणि सकाळी वेळेवर निघता यायला लागलं.

पौडला बाजारपेठेच्या मागच्या अंगाला एक लांबलचक कौलारू शेड होती. पूर्वी तिथं भाताची पोती ठेवायचे. तिलाच आम्ही कारखाना म्हणायचो. पायानं चालवायची शिलाई मशीन, कापणीचं एक लाकडी टेबल, कापडाचे तागे आणि पुढे भिंत घातलेलं मोठं अंगण, एवढाच सगळा पसारा. पण कारखाना म्हणताना आमची मान ताठ व्हायची. साठ सालाच्या आगेमागे मुळशी खोऱ्यात लावणीला, कापणीला जाणाऱ्या बायका घरोघरी होत्या. 'कारखान्यात कामाला हाय' असं सांगणाऱ्या मात्र आम्हीच होतो, आणि आम्ही ते न विचारताही सांगायचो.

आमचा माल म्हणजे हुतूतूच्या चड्ड्या, पैलवानांचे जांघिये आणि लंगोट, शाळांच्या कवायतीच्या चड्ड्या. भूगावपासून ताम्हिणीपर्यंत जिथं म्हणून मातीत अंग घालणारी माणसं होती, तिथं आमचं कापड जायचं. पुण्याच्या तालमीही मागवायच्या. गठ्ठे बांधून एसटीच्या टपावर चढवले की ड्रायव्हर ओरडून विचारायचा, "आज किती जनांची अब्रू चालली?" त्याला वाटायचं तो फार विनोदी आहे. आम्हाला मात्र ते खरंच वाटायचं.

मालक स्वतः जुने पैलवान. मालक म्हटलेलं त्यांना चालायचं नाही, म्हणून सगळे वस्ताद म्हणायचे. मानेचा आणि खांद्याचा पत्ता वेगळा लागू नये असा देह, आणि त्या देहाला न शोभेल असा हळू आवाज. कारखान्यात नवीन माणूस आला, बाई असो की बाप्या, की पहिल्या दिवशी ते त्याला आपल्या हरलेल्या कुस्तीची गोष्ट सांगायचे. जत्रेतला फड. समोरचा गडी खाली आलेला, नुसती पाठ टेकायची बाकी, आणि ह्यांच्या जांघियाची नाडी तुटली. "आता मला सांगा," वस्ताद दोन्ही हात पसरून विचारायचे, "गडी धरू का जांघिया धरू?" त्यांनी जांघिया धरला आणि कुस्ती गेली. दुसरा कोणी असता तर ही गोष्ट पुरून टाकली असती. वस्ताद ती हसत सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "तवाच ठरवलं. आपल्या हातच्या कापडानं कुनाची कुस्ती जायची न्हाई." मी ही गोष्ट ऐकून खूप हसले होते. मग त्यांनी मला सुईदोरा दिला आणि नाडीच्या पट्टीला कसा टाका घालायचा ते स्वतः दाखवलं.

आमच्याकडे एक रीत होती. तिला आम्ही धरपकड म्हणायचो.

माल तयार झाला की त्याचा अंगणात ढीग लावायचा. वस्ताद डोळे मिटून त्या ढिगात हात घालायचे आणि एक चड्डी उपसायचे. आतल्या पट्टीला ज्यानं शिवली त्याच्या रंगाच्या दोऱ्याची गाठ असायची. गाठ बघून नाव पुकारलं जायचं. ज्यानं शिवली त्यानंच ती घालायची, अंगणात फक्कीनं आखलेल्या मैदानात उतरायचं, आणि बाकीच्यांनी त्याला हुतूतूत धरायचं. धरायचं म्हणजे खरंच धरायचं, कंबर, पाय, चड्डीची कड, जे हाताला लागेल ते. शिवण टिकली तर माल गठ्ठ्यात जायचा. फाटली तर अख्खा ढीग उसवायचा. त्या वेळी कोणाला ओरडायचं नाही, कोणाकडे बघून हसायचं नाही. सगळ्यांनी दाढीची ब्लेडं घेऊन गोल बसायचं आणि टाके काढायचे, मग चूक कोणाचीही असो. सगळ्यात आधी वस्ताद बसायचे. ते बसल्यावर बाकीच्यांना उभं राहायची सोयच नव्हती.

आज पौडच्या रस्त्यानं तरुण मुलंमुली महागाच्या चड्ड्या आणि बूट घालून पळताना दिसतात. माझी नजर आधी त्यांच्या आसनाच्या, म्हणजे दोन पायांमधल्या शिवणीकडे जाते. या वयात कोणी काही म्हणत नाही, हे बरं आहे.

सुरुवातीला आम्हा बायकांकडे फक्त काज, बटण आणि नाडी ओवायचं काम होतं. मशीनवर पुरुष. त्यांच्यातले थोरले ते मास्तर. कापायचं कामही त्यांच्याचकडे. हात फार चांगला, आणि तो चांगला आहे हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. पुढे मागणी वाढली, शिंपी मिळेनात, तेव्हा वस्तादांनी तीन नवीन मशीन आणल्या आणि तिघींना बसवलं. मास्तरांना ते रुचलं नाही. "बायकांचा हात झंपराचा," ते म्हणाले. "चड्डीला वढातानीचं काम लागतंय." वस्ताद म्हणाले, "मग शिकतील वढातानीचं." विषय तिथं मिटला, निदान वस्तादांच्या बाजूनं.

आम्ही तिघी म्हणजे एक आक्का, नांद्याकडची विधवा बाई, आयुष्यभर दुसऱ्याच्या खाचरात भात लावून पोरी मोठ्या केलेली. दुसरी ताम्हिणीकडच्या डोंगरातल्या वाडीतली, लग्न होऊन पौडला आलेली. तिची बोली आमच्याहून निराळी आणि तोंड फटकळ, म्हणून तिला सगळे ताम्हिणीचीच म्हणायचे. तिसरी मी. मशीनवर बसलो त्या दिवशी आक्का घरी जाताना वाटेत थांबली आणि म्हणाली, "आता मरेस्तवर कुनाच्या चिखलात वाकायची न्हाई मी." ते तिनं अगदी शांतपणे म्हटलं आणि चालायला लागली. मशीन म्हणजे आक्काला काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

पण बायकांचं शिवलेलं धरपकडीला घालणार कोण? चड्डी घालून मैदानात उतरायचं म्हटलं तर आमच्या नऊवारीचं काय करायचं, आणि पुरुष आम्हाला धरणार की काय? मास्तरांनी मिशीतल्या मिशीत हसून हा प्रश्न काढला. वस्तादांनी उत्तर लगेच दिलं. "त्यांचं मी घालनार." मालक स्वतः, पन्नाशीचा माणूस, आमच्या हातची चड्डी घालून मैदानात उतरणार आणि गडी त्याला धरणार. त्या दिवशी मी घरी गेले ती छाती पुढे काढूनच. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "असला मालक पुन्यातसुदिक मिळायचा न्हाई." तो बैलगाडीवर माल वाहायचा, त्यानं मालक बरेच बघितले होते.

फक्त एक अडचण होती. वस्तादांच्या कमरेला ढिगातली चड्डी काही चढेना. म्हणून ठरलं की आमच्या प्रत्येक मालाबरोबर एक चड्डी त्यांच्या मापाची शिवायची. तीच धरपकडीला जाईल. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

ती पहिली मोठी चड्डी आक्कानं शिवली. आसनाला एक शिवण घालून झाली तशी ती थांबली, चड्डी उलटीपालटी करून बघितली, आणि त्यावर मेण लावलेल्या जाड दोऱ्यानं दुसरी शिवण घातली. मग कडेनं तिसरी. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "येडी हायेस का? वस्तादांची चड्डी चारचौघांत फाटली तर तोंड कुटं दाखवशील?" मला ते अगदी बरोबर वाटलं. ज्या माणसानं आपल्यासाठी मैदानात उतरायचं कबूल केलं, त्याची लाज आपण राखायची नाही तर कोणी? तेव्हापासून मोठी चड्डी तशीच शिवली जायची, पाळी कोणाचीही असो. बाकीच्या ढिगाला एकेरी शिवण.

वर्षभर वस्तादांची चड्डी फाटली नाही. पुरुषांचा माल दोनतीनदा उसवला गेला, आमचा एकदाही नाही. वस्ताद मैदानात वाघासारखे उतरायचे, चारचार गडी त्यांना लोंबकळायचे, आणि ते सगळ्यांना ओढत रेघेपर्यंत जायचे. मग चड्डीवर थाप मारून मास्तरांना म्हणायचे, "बगा. झंपराचा हात." आम्ही तिघी दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसायचो. आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं की आमच्यासारखं चड्डी शिवणारं अख्ख्या जिल्ह्यात कोणी नाही, तर आम्ही 'ठाऊक हाय' असंच म्हटलं असतं.

मग एका जत्रेतल्या हुतूतूच्या सामन्यात आमच्या मालानं दगा दिला. एका गावचा संघ आमच्या तिघींच्या हातच्या चड्ड्या घालून उतरला होता, आणि एकामागून एक त्यांच्या आसनाच्या शिवणी गेल्या. पोरं एका हातानं चड्डी धरून खेळायला लागली. लोक हसून हसून लोळले. सामना गेला. दुसऱ्या दिवशी त्यांचा कप्तान फाटक्या चड्ड्यांचं गाठोडं घेऊन आला. भांडला नाही. गाठोडं अंगणात ठेवलं आणि वस्तादांना म्हणाला, "वस्ताद, तुमीच आमाला नाडीची गोष्ट सांगितली हुती." एवढं बोलून तो गेला. वस्तादांचा चेहरा मी तेव्हा जसा बघितला तसा पुन्हा कधी बघितला नाही.

सगळे गोल बसलो. मधे ते गाठोडं. आतल्या गाठी बघितल्या तर पिवळ्या, काळ्या आणि तांबड्या, म्हणजे आक्काच्या, ताम्हिणीचीच्या आणि माझ्या. मास्तर म्हणाले, "मी आधीच म्हनलं हुतं. बायकांना काज-बटनं द्या, मशीन पुरुषांना द्या." कोणी त्यांना अडवलं नाही. माल उसवायला बसा असंही कोणी म्हटलं नाही. ब्लेडं डब्यातच राहिली. ते मला फार लागलं. पुरुषांचा माल फाटला की आम्ही त्यांच्या शेजारी बसून टाके काढले होते, आणि आमचा फाटला तर तो फक्त आमचा होता.

वस्तादांना एकच कळत नव्हतं. "माझ्या अंगावर वर्षभर येक टाका हालला न्हाई," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "चार चार गडी लोंबकळलं. मग ह्या पोरांच्या अंगावर असं का?"

आक्काची मान खाली. मी आक्काकडे बघत होते. ताम्हिणीचीनं मात्र दोघींकडे एकदा बघितलं आणि बोलून टाकलं. "वस्ताद, तुमच्या चड्डीला तिहेरी शिवन असती. ढिगाला येकेरी. तुमी मालक. तुमची चड्डी फाडायची हिंमत कुनाची?"

वस्तादांचे कान लाल झाले. ते उठले, मैदानाच्या रेघेपर्यंत गेले, परत आले. मला वाटलं, आता आपलं इथलं अन्नपाणी संपलं. पण ते खाली बसले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "म्हंजे वर्षभर मी माकडावानी नाचत हुतो, आन् त्यात काय बी खरं नव्हतं!" मग हळू आवाजात, "चूक माझी हाय. मालकाच्या अंगावर कोन कशाला खरं शिवंल?"

त्यांनी आमच्यावर राग काढला असता तर मी तो झेलला असता. हे झेपेना. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्याची मला लाज वाटली नाही.

मास्तर हटून बसले होते. बायकांची मशीन काढा, नाहीतर कारखान्याचं नाव जाईल. बाकीचे पुरुषही त्यांच्याच बाजूचे. शेवटी वस्तादांनी निवाडा केला. तालुक्याचा संघ पुण्याला सामन्यांना जाणार होता, त्यांचा माल आमच्या तिघींकडे. "धरपकड तुमची तुमी करा," ते आम्हाला म्हणाले. "कशी करायची ते तुमी ठरवा. मला इचारू नका. पर चड्डी ढिगातलीच पायजे, आन् जिनं शिवली तिनंच घालायची."

"आन् हा बी माल मैदानात फाटला तर?" मास्तरांनी विचारलं.

वस्ताद आक्काकडे बघून म्हणाले, "मैदानात फाटला तर मशीन परत. मग मला बी कुनाफुडं बोलायला तोंड न्हाई."

आम्ही त्या चड्ड्या अशा शिवल्या की विचारू नका. दुहेरी शिवण, आणि टाका इतका बारीक की बोटाला लागू नये. आक्का दर शिवणीनंतर हात जोडायची. जेवायला उठायची नाही, मशीनवर बसूनच भाकरी मोडायची. धरपकड कशी करायची यावर आमची वाटेत भांडणं व्हायची. मी म्हणत होते, लुगड्यावरून चढवू. चढवून बघितली, तर गुडघ्याच्या वर येईना, आणि आम्ही तिघी एकमेकींना धरून हसत बसलो. शेवटी ताम्हिणीची म्हणाली, "गडी घालत्यात तशीच घालायची. त्यात काय? अंगात नवऱ्याचा सदरा घाला, झालं." आक्काला नवरा नव्हता, म्हणून मी माझ्या नवऱ्याचे दोन सदरे आणले. सासूबाईंना सांगितलं, शिवायला नेतेय. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

माल पूर्ण झाला. संघाची एसटी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. वस्तादांनी सगळ्या पुरुषांना अंगणाबाहेर काढलं, फाटक लावून घ्यायला सांगितलं, आणि स्वतः बाहेरच्या पायरीवर फाटकाकडे पाठ करून बसले. "आतून अडसर घाला," ते म्हणाले. "तुमी म्हनंस्तवर मी वळनार न्हाई." मास्तर आणि बाकीचे समोर चिंचेखाली बसले. त्यांच्या बोलण्याचा आणि हसण्याचा आवाज आत येत होता.

आत आम्ही तिघी आणि काज-बटण करणाऱ्या दोघी पोरी. मी डोळे मिटले, ढिगात हात घातला. पिवळी गाठ निघाली.

आक्कानं ती चड्डी उचलली. मग तागे ठेवायच्या कोपऱ्यात गेली आणि बाहेर आली ती माझ्या नवऱ्याच्या सदऱ्यात, खाली आखूड चड्डी, तिच्या काटक पायांवर आयुष्यभराच्या चिखलाचे व्रण. कोणी हसलं नाही. तिनं मैदानाच्या रेघेला हात लावून नमस्कार केला, श्वास भरला आणि "हुतूतूतूतू" करत आमच्यावर चालून आली. मला वाटलं होतं, बाई बिचकेल. कसली बिचकतेय! तिनं माझ्या खांद्याला थाप मारली, वळली, आणि आम्ही चौघींनी मिळून तिला धरलं. ताम्हिणीचीनं कंबर, मी चड्डीची कड, पोरींनी पाय. आक्का आम्हाला ओढायला लागली. दम सुटत नव्हता, आवाज तुटत नव्हता. इंचाइंचानं ती रेघेकडे सरकत होती, आणि मी तिला धरलेली असूनही मनात म्हणत होते, जा, आक्का, जा.

टर्रकन आवाज आला.

आम्ही सगळ्या जागच्या जागी थांबलो. आक्काचा हुतूतूही थांबला. आसन पार उकललं होतं. मी वाकून बघितलं. शिवण सुटली नव्हती. कापडच फाटलं होतं, शिवणीच्या कडेकडेनं. भीतीपायी आम्ही टाका इतका बारीक घातला होता की सुईच्या भोकांनी कापडाची चाळण झाली होती. एकीच्या नाही, तिघींच्याही. अख्ख्या ढिगाची.

बाहेर पुरुष काहीतरी बोलून हसले. आमचं काही त्यांना कळलेलं नव्हतं. फाटक बंद होतं, वस्तादांची पाठ होती.

"कुनी बघितलं न्हाई," आक्का कुजबुजली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "ही येक मी आतल्या आत बदलते. बाकीचा माल बांधा. टिकंल की. सगळ्याच थोड्या फाटत्यात?"

ताम्हिणीचीनं मान फिरवली. मी आक्काकडे बघत होते आणि मला तिचं ते चिखलाचं वाक्य आठवत होतं. मशीन गेली म्हणजे पुढच्या पावसाळ्यात आक्का पुन्हा कोणाच्या तरी खाचरात वाकलेली. आम्हा दोघींचं जाणं वेगळं होतं, आम्हाला मागे घर होतं. मी म्हटलं, "आक्का, पुन्यात हजारभर मानसं बघायला येनार. पोरं येका हातानं चड्डी धरतील." तेवढंच बोलले आणि अडसराला हात घातला.

आक्कानं माझा हात बाजूला केला.

"थांब," ती म्हणाली. "पिवळी गाठ माझी हाय." तिनं लुगडं कसंबसं कमरेला गुंडाळलं, पदर घेतला, फाटलेली चड्डी उतरवून हातात घेतली आणि अडसर काढला.

वस्ताद पायरीवर तसेच पाठमोरे बसले होते. "वळू का?" त्यांनी विचारलं.

"वळा," आक्का म्हणाली. ते वळले. चिंचेखालची माणसं उभी राहिली. आक्कानं चड्डी दोन्ही हातांनी पसरून धरली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि म्हणाली, "वस्ताद, ह्यो माल जानार न्हाई."

पुरुषांच्या धरपकडीत माल अडायचा तो वस्तादांच्या शब्दानं. मालकाला समोर उभं राहून 'माल जाणार नाही' असं त्या अंगणात आजवर कोणी सांगितलं नव्हतं, मास्तरांनीही नाही. आक्कानं चड्डी खाली घेतली नाही. त्या क्षणी मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे माझ्या पोरांचासुद्धा क्वचितच वाटला असेल.

मास्तर पुढे आले. "म्हनलं हुतं ना मी? पुन्हा फाटली. आता मशीन काढा."

वस्तादांनी चड्डी हातात घेतली, उजेडाकडे धरली, भोकांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मास्तर, मी काय बोललो हुतो? मैदानात फाटला तर. ह्यो माल मैदानात गेलाय का?"

"त्यांच्या हातात फाटला की."

"फाटला. आन् फाटलेला त्यांनी स्वतः भाईर आनून दाखवला. दार आतून बंद हुतं, मास्तर. मी पाठ करून बसलो हुतो. गप बसल्या असत्या तर तुमाला कळलं असतं का मला?" त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण चिंचेखाली प्रत्येकाला ऐकू गेला. "जी बाई मालकाला तोंडावर सांगती की माल जानार न्हाई, तिची मशीन मी काढली, तर उद्या मला कोन सांगंल?"

मग त्यांनी आक्काला विचारलं, जसं ते मास्तरांना विचारायचे तसं, "काय करायचं, आक्का? गाडी सकाळची हाय."

आक्कानं डोळे पुसले नाहीत. "आसन उसवायचं," ती म्हणाली. "भोकाचं कापड कापून टाकायचं, आन् मधी कळीचा तिकोनी तुकडा घालायचा. जांघियाला असतो तसा. टाका लांब."

"आवरंल?"

"सगळे बसले तर सांजच्याला आवरंल."

वस्ताद आत आले. डब्यातली ब्लेडं काढली, ढिगाजवळ मांडी घातली, पहिली चड्डी ओढून घेतली आणि टाके काढायला लागले. आक्का बसली, ताम्हिणीची बसली, पोरी बसल्या, मी बसले. फाटकात पुरुष तसेच उभे होते, आत यावं की नाही अशा विचारात. मास्तर सगळ्यांच्या पुढे, हाताची घडी घालून.

आक्कानं वर बघितलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर खाली मान घालून उभी राहिलेली ती बाई ताठ मानेनं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मास्तर, हुबं काय ऱ्हायलाय? कळ्या कोन कापनार, मी? कात्री तुमची हाय. या, बसा."

मास्तरांनी वस्तादांकडे बघितलं. वस्ताद मान खाली घालून टाके उसवत होते, त्यांनी वर बघितलंच नाही.

मास्तर आत आले, कात्री घेतली आणि आक्काच्या शेजारी बसले.